कोकणातील समेटाचे संशोधन कसे करावे

समेटावर प्रबंध लिहायचा ठरला की पहिले काम विषय लहान करण्याचे असते. ‘कोकणातील सामाजिक सलोखा’ हा संशोधनाचा विषय होत नाही. पालखीच्या मानावरून दोन वाड्यांत पडलेली फूट, वाळीत टाकलेल्या कुटुंबाला परत घेताना गावाने घातलेल्या अटी, किंवा बऱ्या झालेल्या मनोरुग्णाला घरी नेण्यास घरच्यांनी दिलेला नकार, हे विषय होऊ शकतात. यांपैकी कोणताही निवडला तरी श्रद्धा, न्याय आणि आरोग्य यांतील किमान दोन क्षेत्रे त्यात एकमेकांत गुंतलेली सापडतात, आणि संशोधकाने प्रत्येक टप्प्यावर विचारायचा प्रश्न असा की हा समेट कोणाला हवा होता आणि त्यासाठी कोणी काय सोडले.

तिन्ही क्षेत्रे एकत्र कशी तपासता येतात हे पाहण्यासाठी वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाचा अहवाल आधी वाचावा. १९९५ च्या कायद्याने नेमलेल्या आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १९९७ साली आरोग्यसेवा, विधिव्यवसाय आणि धर्मसंस्था यांच्या स्वतंत्र सुनावण्या घेतल्या होत्या. १९७७ साली पोलीस कोठडीत झालेल्या दुखापतींमुळे मरण पावलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांचे प्रकरण त्यात विशेष बारकाईने अभ्यासावे, कारण कोठडीत त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या वर्तनाचा प्रश्न त्यातून उभा राहिला, आणि गुन्हेगारांना माफी देण्याच्या तरतुदीविरुद्ध त्यांचे कुटुंबीय १९९६ साली घटनात्मक न्यायालयात गेले व हरले. मात्र ही चौकट उचलून थेट आपल्या गावावर बसवू नये. तेथे सत्ताबदलानंतर राज्यसंस्थेने समेट मांडला होता. आपल्याकडे तो बहुतेक वेळा देवळाच्या सभामंडपात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत ठरतो आणि त्याचा कागद होईलच असे नाही.

कोकणापुरते बोलायचे तर महाडपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, दिवाणी दावा दाखल झाला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो सवर्ण वादींच्या विरोधात निकाली काढला. हा प्रश्न सामोपचाराने मिटला नाही. दहा वर्षांच्या या काळात सामोपचाराची भाषा कोण बोलत होते आणि हक्काची कोण, हे वृत्तपत्रे व न्यायालयीन कागदपत्रे समोरासमोर ठेवून तपासावे. रत्नागिरीत १९३१ साली सर्व जातींसाठी उघडलेले पतितपावन मंदिर ही त्याच काळातली दुसरी वाट आहे. दोन्हींची तुलना करताना एका ठिकाणी दलितांनी हक्क बजावला आणि दुसऱ्या ठिकाणी सवर्ण पुढाऱ्यांनी दार उघडले, हा फरक पुसट होऊ देऊ नये.

अलीकडच्या काळासाठी दोन प्रकारचे दप्तर उपयोगी पडते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली आणि तिच्यात गावांना बक्षिसे होती. त्यामुळे समितीच्या नोंदवहीत ‘मिटला’ असा शेरा दिसला तर तो वादाच्या शेवटाचा पुरावा मानू नये, केवळ सही झाल्याचा मानावा. दुसरे दप्तर सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या राज्य कायद्याखालील खटल्यांचे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा असताना पीडित कुटुंब तडजोडीला का तयार होते, याचे उत्तर आरोपपत्रात सापडत नाही, त्या घरातल्या माणसांशी बोलावे लागते.

धर्मविचाराचा भाग केवळ ग्रंथांवर उभा करू नये. मराठी बायबलमधील करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील ‘समेटाची सेवा’ वसई किंवा सावंतवाडीच्या ख्रिस्ती कुटुंबात भाऊबंदकीच्या वेळी कशी आठवली जाते, हे विचारावे. गावरहाटीत, म्हणजे ग्रामदेवतेभोवतीच्या परंपरागत मानाच्या व्यवस्थेत, देवापुढे गाऱ्हाणे घालताना कोणाचे नाव घेतले जाते, कौल कोणाच्या वतीने लावला जातो आणि गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देणाऱ्यांत कोण उभे नसते, याची नोंद ठेवावी. ध्वनिमुद्रण मात्र मानकऱ्यांना विचारल्याशिवाय करू नये.

आरोग्याच्या बाजूने दोन तरतुदी मुळातून वाचणे आवश्यक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १९ नुसार, कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या संस्थेतून घरी जाण्याचा प्रश्न अभ्यासायचा असेल, तर पायाभूत आधार हाच. ग्राहक मध्यस्थीच्या २०२० च्या नियमांनी मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे मध्यस्थीतून वगळली आहेत. समेटाला कायद्यानेच आखलेली ही मर्यादा प्रबंधात अवश्य चर्चिली जावी. रुग्णांशी बोलण्यापूर्वी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

मुलाखतींचे वेळापत्रक गावाच्या वेळापत्रकाप्रमाणे आखावे. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा बंदरावरची माणसे निवांत भेटतात. शेतकरी मात्र त्याच दिवसांत लावणीत असतात. शिमग्याला चाकरमानी येतात म्हणून दोन्ही पक्ष एकाच वेळी गावात सापडतात, पण मानपानाचा वाद ताजा असेल तर तेव्हा केवळ पाहावे. दोन पक्षांना एकत्र बसवून प्रश्न विचारू नयेत, आणि कोणी ‘तुम्हीच सांगा’ म्हटले तरी मध्यस्थ होऊ नये.

नावे बदलली की ओळख लपली, असे लहान वाडीत होत नाही. ‘सरपंचांची धाकटी जाऊ’ एवढे लिहिले तरी ती कोण हे सर्वांना कळते, म्हणून नाते, आडनाव आणि वर्ष या तिन्ही खुणा एकत्र येऊ देऊ नयेत. प्रकरण सादर करण्यापूर्वी ज्याचे त्याचे बोलणे त्याला मराठीत वाचून दाखवावे, आणि त्याने काढायला सांगितलेला मजकूर, युक्तिवाद लंगडा पडला तरी, काढून टाकावा.