ऑफर अटलांटाची, प्रश्न दुसऱ्या नोकरीचा

२०२२च्या मार्चमध्ये मला अटलांटाजवळच्या अल्फारेटामधल्या एका कंपनीची ऑफर आली. तोपर्यंत न्यू जर्सीत एडिसनला आमची अकरा वर्षं झाली होती. भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड पाच मिनिटांवर, मराठी मैत्रिणी हाकेच्या अंतरावर, मुलगी दुसरीत, नवरा फार्मसिस्ट. पगार वाढणार होता, पण डोळे दिपावेत इतका नाही. होकार देण्याआधी पाच आठवडे आम्ही दोघं रोज रात्री जेवणानंतर हाच विषय घेऊन बसायचो. त्यातले पहिले दोन आठवडे मी चुकीची गणितं मांडत होते. दक्षिणेतल्या शहराची ऑफर हातात धरून बसलेल्या, त्यातही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मंडळींचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिलं चुकीचं गणित टॅक्सचं. ‘साउथमध्ये टॅक्स कमी’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की ते तपासून बघावं असं कुणाला वाटत नाही. टेक्सस, फ्लोरिडा आणि टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही, हे खरं आहे. पण जॉर्जियात आहे, नॉर्थ कॅरोलायनात आहे. २०२५ साली जॉर्जियाचा दर सरसकट ५.१९ टक्के आणि नॉर्थ कॅरोलायनाचा ४.२५ टक्के होता. न्यू जर्सीचा दर १०.७५ टक्क्यांपर्यंत चढतो म्हणून लोक घाबरतात, पण तो टप्पा दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नासाठी आहे. खालचे टप्पे १.४ टक्क्यांपासून सुरू होतात. आमच्यासारख्या दोन मध्यम पगारांच्या घराला न्यू जर्सीतच राज्याचा आयकर कमी लागत होता. जॉर्जियात गेल्यावर तो वाढला. न्यू जर्सीचा खरा मार बसतो तो घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचा, आणि आम्ही तर भाड्याच्या घरात होतो. म्हणजे जो टॅक्स आम्ही थेट भरतच नव्हतो, तो वाचणार म्हणून आम्ही खूश होतो.

डॅलसचंही तसंच. तिथल्या एका कंपनीशी माझं बोलणं चालू होतं. आयकर शून्य, पण उपनगरांतला प्रॉपर्टी टॅक्स घराच्या किमतीच्या २ टक्क्यांच्या आसपास, तोही दर वर्षी. वर गारपिटीमुळे छपराचा विमा महाग, आणि पॉलिसीत वारा-गारांचं डिडक्टिबल (नुकसानीचा आपण स्वतः सोसायचा भाग) बहुधा ठरावीक रकमेत नसतं, घराच्या विमा रकमेच्या १ किंवा २ टक्के असं लिहिलेलं असतं. तिथली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलतो, म्हणून लोक घराभोवती पाण्याची नळी सोडून ठेवतात. ह्यूस्टन बघत असाल तर पुराचा नकाशा आधी उघडा. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही, आणि सरकारी पूरविमा घेतल्यावर तो लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात. मी टेक्ससला नावं ठेवत नाही. दोन जवळच्या मैत्रिणी तिथे सुखात आहेत. फक्त वजाबाकी पूर्ण करा, एवढंच.

आता ज्या प्रश्नावर मी खरं तर पहिल्या दिवशी यायला हवं होतं, तो. ही नोकरी गेली तर याच शहरात, घर न हलवता, मला दुसरी मिळेल का? एच-१बीवर नोकरी गेली की नवी कंपनी गाठायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि ते नोकरीच्या शेवटच्या तारखेपासून मोजले जातात. सेव्हरन्सचे, म्हणजे काढताना कंपनीने देऊ केलेले, पैसे पुढे चार महिने येत राहिले तरी ते दिवस वाढत नाहीत. एडिसनला बसून हा विचार करावा लागत नव्हता, कारण रोज ट्रेनने जाता येईल अशा अंतरावर आख्खं न्यूयॉर्क होतं. दक्षिणेत प्रत्येक शहराचा पिंड वेगळा आहे आणि तो ऑफर लेटरमध्ये दिसत नाही. शार्लट बँकांचं गाव: बँक ऑफ अमेरिका आणि ट्रुइस्टची मुख्यालयं तिथे, वेल्स फार्गोचा मोठा पसारा तिथे. बँकांनी भरती थांबवली की सगळ्यांची एकदमच थांबते. रॅली शहराला रिसर्च ट्रँगल पार्क १९५९पासून आहे, औषधकंपन्या आणि सॉफ्टवेअर दोन्ही. नॅशव्हिल रुग्णालयांच्या व्यवसायाचं. डॅलसचा पाया सगळ्यात रुंद, टेलिकॉमपासून विम्यापर्यंत. अटलांटात कार्ड पेमेंटच्या इतक्या कंपन्या आहेत की त्या पट्ट्याला ‘ट्रान्झॅक्शन अ‍ॅली’ म्हणतात, आणि माझं काम पेमेंटच्या डेटावरच होतं.

हे ऐकीव ठेवू नका, मोजा. एच-१बीसाठी कंपनी एलसीए नावाचा जो अर्ज भरते, त्याची माहिती अमेरिकेचं कामगार खातं दर तिमाहीला एक्सेलमध्ये जाहीर करतं. पद, पगार, कामाचं ठिकाण, कंपनीचं नाव, सगळं त्यात असतं. मी ती फाइल उतरवली, माझ्या पदाशी जुळणाऱ्या ओळी निवडल्या, आणि अल्फारेटापासून तासाभरात गाडीने जाता येईल अशा काउंटींमधल्या वेगवेगळ्या कंपन्या मोजल्या. सल्लागार कंपन्या वेगळ्या काढल्या, कारण त्यांचं काम उद्या कुठल्याही राज्यात जाऊ शकतं. मग शार्लट आणि डॅलससाठी तेच केलं. डॅलस पहिलं आलं, अटलांटा त्याच्या जवळ, शार्लट बरंच मागे. दोन संध्याकाळींचं काम आहे. यूट्यूबवरच्या शहरांच्या तुलनेपेक्षा त्यातून मला कितीतरी जास्त कळलं.

व्हिसाची फाइल हा निर्णयाचा दुसरा कणा. मी कंपनी बदलत होते, त्यामुळे एच-१बीची नवी याचिका होणारच होती. पण त्याच कंपनीत राहून शहर बदलणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: नवी जागा जुन्या मेट्रो क्षेत्राच्या बाहेर असेल तर तिथे काम सुरू करण्याआधी नवा एलसीए आणि सुधारित याचिका दाखल व्हावी लागते. २०१५च्या एका निकालाने हे स्पष्ट केलं आहे. वर्क फ्रॉम होम असलं तरी तुमचं घर हेच कामाचं ठिकाण धरलं जातं. कंपनीला न सांगता स्वस्त घरासाठी दुसऱ्या राज्यात जाऊन राहिलेले लोक मला माहीत आहेत. तसं कृपा करून करू नका. त्यांतल्या न्यूयॉर्कच्या कंपनीत असलेल्यांना आणखी एक धक्का बसतो: स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातून काम केलं तर न्यूयॉर्क त्या पगारावर आपला आयकर बहुधा लावतंच.

ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर आणखी खोलात जा. पर्म, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायची मंजुरी, ठरावीक जागेच्या नोकरीसाठी असतं. शहर बदललं की बऱ्याचदा ते नव्याने करावं लागतं. जुन्या कंपनीने भरलेलं माझं आय-१४० (पर्मनंतरची ग्रीन कार्डची याचिका) मंजूर होऊन कित्येक वर्षं झाली होती, त्यामुळे २०१४ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली माझी तारीख, माझ्याबरोबर येणार होती आणि सहा वर्षांपुढची एच-१बीची मुदतवाढही मिळत राहणार होती. ज्यांचं पर्म अजून अर्ध्यात आहे, किंवा आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झालेले नाहीत, त्यांना माझं स्पष्ट मत: घर कितीही स्वस्त मिळो, थांबा. नवीन कंपनीला ‘पर्म कधी सुरू करणार’ हे तोंडी न विचारता ईमेलवर विचारा. मला उत्तर आलं, ‘एक वर्षानंतर’. मी ते मान्य केलं, आणि त्याची किंमत मोजली.

नवऱ्याच्या नोकरीकडे आम्ही उशिरा वळलो. तो एच-४ या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर मिळणाऱ्या ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवानगीवर, काम करतो, आणि फार्मसिस्टचा परवाना राज्याराज्याचा असतो. न्यू जर्सीचा परवाना जॉर्जियात हलवायला अर्ज, कागदपत्रं आणि वर जॉर्जियाच्या औषधकायद्याची वेगळी परीक्षा. अभ्यासापासून परवाना हातात येईपर्यंत जवळजवळ चार महिने तो घरी होता. एवढा अनुभवी माणूस सकाळी मुलीला बसवर सोडून परत येऊन कायद्याचं पुस्तक उघडून बसायचा. त्या चार महिन्यांचा पगार मी कुठल्याच तक्त्यात धरला नव्हता. जोडीदार शिक्षक, नर्स, डेंटिस्ट, फिजिओथेरपिस्ट किंवा अकाउंटंट असेल तर त्या राज्याच्या बोर्डाचे नियम ऑफर स्वीकारण्याआधी वाचा, आणि परवान्याचा अर्ज सामान बांधायला घेण्याआधी टाका.

कंपनीने १०,००० डॉलर रिलोकेशन दिलं. २०१८पासून कंपनीने दिलेला हा खर्च करपात्र उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे हातात साधारण ६,५०० आले. ‘ग्रॉस-अप कराल का?’, म्हणजे त्यावरचा टॅक्सही कंपनी सोसेल का, असं विचारलं असतं तर कदाचित मिळालं असतं. मला तो शब्दच माहीत नव्हता. करारात असंही असतं की वर्षाच्या आत सोडलं तर पैसे परत. कंपनीने स्वतः काढून टाकलं तरी परत करायचे का, हे त्यात लिहून घ्या.

शाळेचं वेळापत्रक तर कुणीच सांगत नाही. न्यू जर्सीत शाळा जूनच्या शेवटापर्यंत चालते आणि जॉर्जियात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. लेकीची सुट्टी पाच-सहा आठवड्यांची झाली आणि त्यातच सामान बांधणं, लीज, लसीकरणाचा जॉर्जियाचा फॉर्म, सगळं आलं. केजीत घालायच्या वयाचं मूल असेल तर तारीख बघा: जॉर्जियात १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण हवीत, न्यू जर्सीतल्या बऱ्याच शाळा १ ऑक्टोबर धरतात. सप्टेंबरात जन्मलेल्या मुलाचं वर्ष यात इकडचं तिकडे होतं. मोठी मुलं असतील तर कॉलेजच्या फीसाठीच्या होप स्कॉलरशिपबद्दल ऐकाल. १९९३पासून चालत आलेली जॉर्जियाची ती योजना खरोखर चांगली आहे, पण एच-४वरच्या मुलांना ती मिळत नाही.

होकार देण्याआधी एकदा जाऊन या, आणि एप्रिलच्या छान हवेत नको, ऑगस्टमध्ये, कामाच्या दिवशी. आम्हाला ऑगस्ट जमला नाही, मेमध्ये गेलो. सकाळी साडेसातला कमिंगहून अल्फारेटाला जीए-४०० वरून स्वतः गाडी चालवली. त्या एका फेरीत कळलं की दोन गाड्या लागणार. अटलांटाच्या सार्वजनिक वाहतुकीची, म्हणजे मार्टाची, रेल्वे नॉर्थ स्प्रिंग्जला संपते, त्याच्या वर गाडीशिवाय पान हलत नाही. राज्यात राहायला आल्यावर जॉर्जियाचं लायसन्स ३० दिवसांत घ्यावं लागतं, आणि बाहेरून आणलेल्या गाडीवर तिच्या मूल्याच्या ३ टक्के टायटल टॅक्स एकदाच भरावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये पाइनचे परागकण सगळ्या गाड्यांवर हळदीसारखे पसरतात. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.

माणसांबद्दलही सांगते, कारण हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. शेजारी पहिल्या आठवड्यात केक घेऊन दारात आले. कमिंग ज्यात येतं त्या फोरसाइथ काउंटीत आज भारतीय कुटुंबं इतकी आहेत की शाळेच्या बसथांब्यावर मराठी कानावर पडतं. याच काउंटीतून १९१२ साली कृष्णवर्णीयांना मारझोड करून हुसकावून लावलं होतं आणि १९८७मध्येही त्याविरुद्ध मोर्चे काढावे लागले होते, हे मला आल्यावर समजलं. तिथे घर घेणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. अटलांटात ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर आहे. १९५९मध्ये भारतात आले तेव्हा ते मुंबईत मणिभवनला राहिले होते, हे मी लेकीला त्या रस्त्यावर उभी राहून सांगितलं.

सप्टेंबर २०२३मध्ये आमचा विभाग बंद झाला. मला येऊन चौदा महिने झाले होते, पर्मची कागदपत्रं नुकती वकिलाकडे गेली होती. नवऱ्याचं ईएडी त्याच्या एच-४वर, त्याचा एच-४ माझ्या एच-१बीवर, म्हणजे दोघांचे पगार एकाच दोरीला. त्या रात्री मी ती जुनी एक्सेल फाइल परत उघडली. मोजलेल्या कंपन्यांची नावं त्यात तयार होती. एकेकीकडे अर्ज, ओळखीतून फोन, महाराष्ट्र मंडळात भेटलेल्या दोघींनी आपापल्या ऑफिसात रेझ्युमे पोचवले. ३९व्या दिवशी ऑफर स्वीकारली, ५२व्या दिवशी याचिका दाखल झाली. नियम दाखल करण्याचा आहे, मंजुरीचा नाही, हे लक्षात ठेवा म्हणजे निदान शेवटच्या आठवड्यात जीव थोडा थाऱ्यावर राहील. नवं ऑफिस जुन्यापासून चार मैलांवर. घर तेच, लेकीची शाळा तीच. पर्म मात्र पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलीने फोन केला. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या मुदतीवर आहे, अलाबामातल्या हंट्सव्हिलची ऑफर, भाडं फारच कमी. ओपीटीत बिननोकरीचे एकूण ९० दिवसच चालतात, आणि हंट्सव्हिल म्हणजे नासाचं मार्शल केंद्र, लष्कराचं रेडस्टोन आर्सेनल, म्हणजे बहुतेक संरक्षणाची कामं, जिथे अमेरिकन नागरिकत्व लागतं. तिला कामगार खात्याची ती फाइल कुठे मिळते ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने कंपन्यांचा आकडा पाठवला, आणि खाली लिहिलं, ‘मावशी, मी रॅलीच्या इंटरव्ह्यूची वाट बघते.’