दहावीच्या गणिताची शिकवणी सुरू करताना

शाळेत झालेला धडा घरी पुन्हा घ्यायचा, ही शिकवणीची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी उपयोगाची पद्धत. दहावीच्या गणितात अडकलेला मुलगा खरं तर सहावी-सातवीत कुठेतरी अडकलेला असतो, आणि तिथून पुढे पाठांतरावर रेटत आलेला असतो. ती जागा शोधणं हे शिकवणीचं पहिलं काम.

म्हणून पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडू नका. पाचवी ते आठवीची वीसेक उदाहरणं कागदावर काढून न्या, चाळीस मिनिटं द्या आणि कच्चं काम त्याच कागदावर करायला सांगा. खोडरबर बाजूला ठेवायला लावा, नाहीतर हवं तेच पुसलं जातं. कागद तपासताना गुण मोजण्यापेक्षा चूक कशी झाली ते पाहा. ०.३ × ०.२ चं उत्तर ०.६ आलं तर दशांशाची स्थानिक किंमत कच्ची आहे. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला अपूर्णांक ही एक संख्या वाटतच नाही, वर-खाली ठेवलेल्या दोन संख्या वाटतात. −७ − ५ चे +१२ करणारा ‘ऋण ऋण धन’ हा गुणाकाराचा नियम भलतीकडे लावतोय. आणि ५ − (अ − ३) चं उत्तर ८ − अ ऐवजी २ − अ येत असेल, तर तिथेच थांबा. या एका चुकीपायी एकसामयिक समीकरणांत वजाबाकीची पायरी बिघडते, वर्गसमीकरणाच्या सूत्रात चिन्ह उलटतं आणि अंकगणिती श्रेढीत फरक ऋण आला की पुढचं सगळं कोसळतं. पालक याला ‘सिली मिस्टेक’ म्हणतात. तीच चूक तिसऱ्यांदा झाली की ती सिली नसते.

ही डागडुजी स्वतंत्र तास लावून करू नका. ‘मला सहावीचं शिकवतायत’ म्हणून मुलं चिडतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. दीड तासातली पहिली पंधरा मिनिटं एकाच प्रकारच्या आठ-दहा उदाहरणांना द्या, उरलेल्या वेळात शाळेत चाललेला धडा घ्या. असं तीन-चार आठवडे चालू द्या. आठवड्याला तीन दिवस पुरतात. रोज गेलात तर मूल स्वतः पेन्सिल उचलणं बंद करतं आणि तुम्ही त्याचा गृहपाठ उरकणारे होता.

राज्य मंडळाच्या गणिताचे दोन पेपर असतात: भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती. प्रत्येक ४० गुणांचा, दोन तासांचा. शिवाय अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. प्रत्येक पेपरात ‘कृती पूर्ण करा’ प्रकारचे प्रश्न असतात, त्यात चौकटी भरायच्या असतात. हुशार मुलंही इथे गुण घालवतात, कारण ती स्वतःच्या रीतीने उदाहरण सोडवतात आणि छापलेल्या पायऱ्यांशी ते जुळत नाही. सराव द्यायचा तो दुसऱ्याची रीत वाचून पुढे नेण्याचा. भूमितीत गुण जातात ते विधानापुढे कारण न लिहिल्यामुळे. रचनेत कंपास हेच मोठं कारण: स्क्रू ढिला असला की कंस काढताना त्रिज्या सरकते. पहिल्याच आठवड्यात दप्तरातला कंपास हातात घेऊन पाहा.

सेमी इंग्रजीच्या मुलांना शिकवायचं तर दोन्हीकडचे शब्द जिभेवर हवेत. मराठी माध्यमातला बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी म्हणतो, सेमीवाला एसएएस. मध्य, मध्यक, बहुलक हे एकाचे; मीन, मीडियन, मोड दुसऱ्याचे. मिश्र बॅचमध्ये फळ्यावर दोन्ही लिहा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात, दोन्ही माध्यमांची उतरवून ठेवा.

फीचं बोलणं पहिल्या भेटीतच उरका, ओळखीच्या घरी तर आवर्जून. महिन्याला किती दिवस, किती तास, फी कोणत्या तारखेला, मुलाने खाडा केला तर काय आणि तुमचा झाला तर भरून कधी, हे सगळं पालकांना मेसेजवर पाठवा. दर भागाप्रमाणे बदलतो, आसपासच्या दोन-तीन क्लासेसना विचारा; मात्र घरी जाऊन शिकवणार असाल तर जाण्यायेण्याचा वेळही त्यात धरा. संध्याकाळी सहाला पुण्यात किंवा ठाण्यात हे विसरलेला माणूस निम्म्या दरात राबतो. घरात मोठं माणूस असतानाच शिकवा, खोलीचं दार उघडं ठेवा. आणि शाळेत शिक्षक असाल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही: शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही.

वर्षाची आखणी उलटीकडून करा. बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याआधी शाळेची पूर्वपरीक्षा; म्हणजे नोव्हेंबरअखेर अभ्यासक्रम संपायला हवा. पुढे घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवून घ्यायचे, आणि चुकलेलं उदाहरण तुम्ही सोडवून न दाखवता चार दिवसांनी त्याच्याकडूनच पुन्हा करून घ्यायचं.

दरवर्षी कुणीतरी जानेवारीत येतं. घ्यायचं ठरवलंत तर पालकांना आधीच सांगा की सगळा अभ्यासक्रम होणार नाही. बीजगणितात संभाव्यता, सांख्यिकी आणि अर्थनियोजन आधी घ्या; हे धडे मागच्या धड्यांवर फारसे अवलंबून नाहीत. भूमितीत रचना आणि निर्देशक भूमिती. नंतर वेळ उरला तर समरूपता आणि वर्तुळ. प्रमेयांच्या सिद्धता सगळ्यात शेवटी.