पीएम किसानचा हप्ता अडकला? या चुका टाळा

हप्ता आला नाही की बहुतेक जण थेट सेतू केंद्रात जाऊन "नवा अर्ज भरून टाका" म्हणतात. ही सवय आधी सोडा. तुमचं आधार योजनेत आधीच नोंदलेलं असतं, त्यामुळे नवा अर्ज पुढे सरकत नाही. पैसे जातात आणि मूळ अडचण तशीच राहते.

योजनेच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' उघडून नोंदणी क्रमांक टाका. तो आठवत नसेल तर मोबाइल किंवा आधार क्रमांकावरून तिथेच मिळतो. मग तीन नोंदी बघा: लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडलेली आहे का), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवली आहे का) आणि आधार बँक सीडिंग (पैसे जमा होण्यासाठी आधार बँकेला जोडलं आहे का). ज्या ओळीत 'नो' आहे, तेवढंच काम करायचं. हे न बघता तलाठी, बँक, तालुका अशा चकरा मारण्यात माणसाचे रोज बुडतात.

सर्वांत जास्त घोळ बँकेचा. "माझं आधार लिंक आहे" हे वाक्य अपुरं आहे. खात्याच्या केवायसीला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा व्हावेत म्हणून एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या यादीत त्या बँकेची नोंद होणं वेगळं. या यादीत एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं, आणि शेवटी जिची नोंद झाली तिचंच.

नेहमी दिसणारं प्रकरण असं. शेतकऱ्याचं जुनं खातं जिल्हा बँकेत. मधे मुलाने मोबाइलवर दुसऱ्या बँकेचं शून्य शिल्लक खातं उघडून दिलं, आणि त्यात सरकारी अनुदान इथेच घेण्याच्या संमतीवर न वाचता टिक झाली. पुढचे २,००० रुपयांचे हप्ते त्या खात्यात जमा होत राहिले. शेतकरी मात्र जुनं पासबुक भरून घेतो, त्यात काही दिसत नाही, म्हणून तालुक्याला तक्रार देतो. तिथे पेमेंट झाल्याचं दिसतं आणि तक्रार बंद होते. पैसे कुठेच गेलेले नसतात, पण कुणी योग्य जागी बघत नाही.

म्हणून माय-आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि नोंद चालू आहे की बंद, दोन्ही कळतं. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या, त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहा आणि पोच घ्या. पोच न घेता परत येऊ नका. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. शाखेतून "झालं" एवढं ऐकून काम संपत नाही.

दुसरी मोठी चूक वारसांची. वडील गेले, तरी त्यांच्या नावाचे हप्ते उचलत राहतात. ही रक्कम पुढे वसूल होते. मृत्यूची माहिती लगेच द्या आणि वारस फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवण्याची नोंद, लावा. फेरफाराच्या नोटिशीचे १५ दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी यांत घाई चालत नाही. सातबाऱ्यावर नाव चढल्यावरच आपल्या नावाने नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, वारसाने आलेल्या जमिनीवर मिळतो. त्यामुळे फेरफाराची प्रत जोडायलाच हवी.

बाकीचं थोडक्यात. ओटीपी येत नसेल तर आधारला जुना मोबाइल नंबर असतो, तेव्हा सीएससीत (सरकारी ऑनलाइन सेवांच्या केंद्रात) अंगठ्याने ई-केवायसी करा. पती-पत्नी दोघांच्या नावावर जमीन असली तरी लाभ एकालाच. आयकर भरणाऱ्यांनी अर्जच करू नये. व्हॉट्सॲपवर आलेली 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडू नका, त्यातून खातं रिकामं होतं.

तिन्ही नोंदी 'येस' असूनही हप्ता नसेल, तरच तक्रार करा. स्टेटसची प्रिंट, नोंदणी क्रमांक आणि कोणता हप्ता अडला ते लिहून तालुका कृषी कार्यालयात द्या, किंवा १५५२६१ वर फोन करा.