सोलापूरहून मुंबईला ऑर्केस्ट्रा ऐकायला जायचंय? मग तयारी इथूनच करा

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला, हिंदी गाण्यांचा. मी सांगतोय ते वेगळं, पाश्चात्त्य शास्त्रीयचं, ऐंशी-नव्वद वादक एकत्र बसून वाजवतात ते, आणि त्यातही १९०० ते १९३० च्या आसपासचं संगीत. ऐकायला जरा अवघड म्हणतात पण मला वाटतं सोलापूरच्या माणसाला ते लवकर लागतं, का ते सांगतो.

पहिलं काम, तिकीट काढायच्या आधी घरी फ्रेंच संगीतकार राव्हेलचा बोलेरो ऐका. १९२८ चा आहे, साधारण पंधरा मिनिटांचा. मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, कारण सुरुवात इतकी हळू आहे की पंख्याच्या आवाजात जाईल. एक छोटा ड्रम एकच ठेका धरतो आणि शेवटपर्यंत तोच, सोडतच नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, शेजारी मागाचा कारखाना, दिवसरात्र खटक-खटक, झोप त्यातच लागायची आणि वीज गेली की जाग यायची. पहिल्यांदा बोलेरो ऐकला तेव्हा मला तो कारखानाच आठवला, नंतर कळलं की राव्हेलचे वडील इंजिनिअर, त्याला स्वतःला यंत्रांची भारी ओढ, आणि बोलेरोवरचा नाच कारखान्याच्या देखाव्यात व्हावा असं त्याच्याही मनात होतं. अंगावर काटाच आला बघा.

आता ऐकायचं कसं. तबला सोलोत लेहरा (पेटी-सारंगीवर फिरत राहणारी चाल) तोच राहतो आणि तबला बदलत जातो ना, इथं ठेका पण तोच, चाल पण तीच फिरून फिरून, बदलतं फक्त वाद्य. आधी बासरी, मग क्लॅरिनेट, मग बसून नावाचं वाद्य (जाड नळीसारखं असतं, नाकातून गायल्यासारखा आवाज), पुढे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, आणि शेवटी सगळे एकदम. मागावर ताणा (उभे धागे) तोच ठेवून धोट्यातली कांडी (आडव्या धाग्याची) बदलावी तसं. तीन वेळा ऐका, एकाच दिवशी नको. पहिल्या वेळी नुसतं, दुसऱ्या वेळी फक्त ड्रमकडे लक्ष, तिसऱ्या वेळी प्रत्येक फेरीला वाद्य कोणतं ते ओळखायचा प्रयत्न. शेवटाजवळ सगळा सूर अचानक वर सरकतो, तो क्षण एकदा सापडला की मग तुम्ही त्याची वाट बघायला लागता.

यानंतर होल्स्टचे प्लॅनेट्स. सात ग्रह, सात भाग, जवळपास पन्नास मिनिटं. हा इंग्रज माणूस संस्कृत शिकला होता, ऋग्वेदातल्या ऋचांना त्याने चाली दिल्या, सावित्रीवर ऑपेरा लिहिला. मंगळाचा भाग पाच मात्रांचा आहे, हाताने मोजत ऐका. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचं राइट ऑफ स्प्रिंग मात्र पहिल्या वेळी नको. १९१३ ला पॅरिसमध्ये पहिल्याच प्रयोगाला लोकांनी थिएटरात गोंधळ घातला होता, मला ते फार आवडतं, पण दोन-तीन कॉन्सर्ट झाल्यावर घ्या.

आता जायचं. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आहे, तिथल्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजवतो, २००६ ला सुरू झाला. साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास त्यांचा सीझन असतो, एनसीपीएच्या साइटवर कार्यक्रम बघा, आणि त्यात काय वाजणार आहे ते वाचूनच तिकीट काढा. लहान मुलं नेणार असाल तर वयाची अट बघून घ्या. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर पकडली की सकाळी सीएसएमटी, दिवसभर आराम करा, झोप अर्धवट ठेवून जाऊ नका, हळू भागात डोळा लागतोच. परतीचं रिझर्वेशन शक्यतो दुसऱ्या दिवसाचं, नाहीतर शेवटच्या भागात सगळं लक्ष घड्याळाकडे. महागाच्या पुढच्या सीटची गरज नाही, वरची बाल्कनी घ्या, पुढून फक्त व्हायोलिनवाले दिसतात, वरून ड्रम, हॉर्न, हार्प, कोण कधी वाद्य उचलतं ते सगळं दिसतं आणि हे संगीत अर्धं डोळ्यांनीच कळतं.

आत गेल्यावरचं थोडं. उशीर करू नका, सुरू झाल्यावर मध्ये सोडत नाहीत. फोन व्हायब्रेटवर नाही, बंद. एसी असतो, शाल न्या. खोकल्यासाठी खडीसाखर न्या पण कागदात गुंडाळलेली नको, तेवढा चुरचुर आवाजसुद्धा सगळ्या रांगेला ऐकू जातो कारण इथं माइक नसतात. सुरुवातीला ओबो (फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य) एक सूर देतो आणि सगळे त्याला जुळवून घेतात, आपल्या तंबोऱ्यासारखंच, तेव्हा गप्पा थांबवा. आणि वाहवा, क्या बात है हे इथं मनात. एका रचनेचे भाग असतात, मध्ये सगळं थांबतं पण रचना संपलेली नसते, तिथं टाळी वाजवायची नाही.

प्लॅनेट्स लागलं तर शेवटचा नेपच्यून नीट ऐका, बायकांचा कोरस स्टेजवर नसतो, शेजारच्या खोलीतून गातो, आणि शेवटी त्या खोलीचं दार हळूहळू लावून घेतात. आवाज कुठं संपला ते कळत नाही. कंडक्टरचा (पुढे उभा राहून हाताने वादकांना इशारे देतो तो) हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा, मग वाजवा टाळ्या.