घरी त्सुकुने करताय? या चुका टाळा

जपानमध्ये याकितोरीच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या चिकनच्या दुकानात काडीवर भाजलेले जे चिकनचे गोळे मिळतात ते त्सुकुने. घरी ते फुटले की लोक गॅसला नाहीतर तव्याला नावं ठेवतात, पण खरा घोळ आधीच, खिमा मळतानाच झालेला असतो.

एकतर नुसत्या ब्रेस्टचा खिमा घेऊ नका, कोरडा ठक्क होतो. मांडीचं मांस घ्या आणि थोडी कातडीही मागून घ्या, आधीच सांगा हां, आपल्याकडे चिकनवाला विचारायच्या आत सोलून मोकळा होतो. धुवायचं असेल तर तुकडे धुवून नीट निथळून मग खिमा करा, खिमा झाल्यावर धुतला की पाणी आत बसतं ते बसतंच.

आता मेन गोष्ट. गोळा वळत नाही म्हणून आधी ब्रेडक्रम्ब्स, मग अजून एक अंडं, मग कॉर्नफ्लोअर, असं करत करत शेवटी जे बनतं ते कटलेट. ५०० ग्रॅम खिम्याला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, बाकी काहीही न घालता आधी एवढंच घाला आणि तीन-चार मिनिटं जोर लावून मळा. मिठामुळे मांसातलं प्रोटीन सुटतं आणि बांधून धरायचं काम तेच करतं. रंग जरा फिका पडतो, बोटांना तारा सुटायला लागतात, बाऊल उलटा केला तरी खिमा जागचा हलत नाही, मग समजायचं झालं. त्यानंतर आल्याचा रस, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि चमचाभर बटाट्याचं स्टार्च. कांदा किसून घालू नका, पाणी सुटतं. आणि हे सगळं थंड हवं, चरबी वितळली की पकड गेली, त्यामुळे मे महिन्यात करत असाल तर बाऊलखाली बर्फाचं पाणी ठेवाच.

वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, बांबूच्या काड्याही तेवढाच वेळ पाण्यात. तरी काडीवरून घसरत असतील तर गोळे आधी हलक्या उकळत्या पाण्यात शिजवून घ्या आणि मग काडीला लावा, यात कमीपणा काही नाही.

सॉस, म्हणजे तारे, लावायची घाई नको. त्यात साखर असते, त्यामुळे बाहेरून काळं आणि आत कच्चं असा प्रकार होतो. गोळा जवळपास पूर्ण शिजला की मग ब्रशने लावा, भाजा, परत लावा, असं दोन-तीनदा. सोया सॉस आणि मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोड जपानी राइस वाइन) समप्रमाणात, थोडी साखर, आटवून घ्यायचं. मिरिन नसेल तर व्हाइट वाइन आणि जास्तीची साखर, काम भागतं. पण आपल्याकडचा तो घट्ट काळा डार्क सोया सॉस मात्र नको, रंगच रंग येतो आणि चव भलतीकडे जाते.

व्हिडिओत बघून कच्च्या बलकात बुडवून खायचा मोह होईल. जपानमधली अंडी कच्ची खाता यावीत या हिशोबाने धुऊन, तपासून, तारीख घालून विकतात, नाक्यावरच्या ट्रेमधल्या अंड्यांचं तसं नसतं. ते सोडा, वरून तिखट भुरभुरा, लिंबू पिळा. आणि थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसल्याशिवाय उतरवू नका, नसेल तर एक गोळा फोडून बघा, आत गुलाबी असेल तर मंद आचेवर झाकण ठेवून अजून दोन मिनिटं.