अंतकाळाची भीती आणि पावसाळ्याआधीचे पुरुमेत

म्हापशात आमचा मराठी भाषकांचा एक छोटा बायबल अभ्यासगट दर गुरुवारी संध्याकाळी जमतो. सावंतवाडी, बेळगाव, नगर अशा भागांतून पोटापाण्यासाठी आलेली आणि आता येथेच रुजलेली ही माणसे. काही कॅथलिक, काही प्रोटेस्टंट. मे महिन्यातील एका गुरुवारी गटातील एक मावशी कापडी पिशवीतून सहा डझन मेणबत्त्या घेऊन आल्या, टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "बाबा रे, फादरांकडून यांच्यावर आशीर्वाद घालून आणून दे. तीन दिवस जगभर अंधार पडणार आहे, आणि आशीर्वादाच्या मेणबत्तीशिवाय दुसरे काही पेटणारच नाही म्हणे." हा निरोप त्यांना मोबाइलवर आला होता आणि त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या.

मला हसू आले नाही, कारण ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री संगणक बंद पडून जग ठप्प होईल या धास्तीने बँकेतून पैसे काढून आणणारा आणि न्हाणीघरातल्या सगळ्या बादल्या भरून ठेवणारा मीच होतो. युद्धे, साथी, नवे चलन, चेहरा ओळखणारी यंत्रे यांविषयी काही ऐकले की ज्या श्रद्धावंताच्या पोटात गोळा येतो, त्याने काय करावे, याविषयी गेल्या काही वर्षांत गटात जे उपयोगी पडले ते येथे मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. प्रभू पुन्हा येणार यावरचा विश्वास सोडून देणे हा भीतीवरचा उपाय नव्हे. जिवंतांचा व मृतांचा न्याय करावयास तो येईल, हे आपण उपासनेत विश्वासांगीकार म्हणताना उच्चारतोच. त्याच वाक्याला ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याच्या राज्याला अंत असणार नाही हे शब्द जोडले, आणि आपण घाबरतो तेव्हा नेमके तेच शब्द विसरतो.

निरोप आला की तो पुढे पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी आणि त्यात तारीख सांगितली आहे का, एवढे पाहावे. तारीख असेल तर पुढचा विचार करण्याचे कारण नाही, कारण तो दिवस व ती घटका पित्याखेरीज कोणालाही, देवदूतांना व पुत्रालाही, ठाऊक नाही असे मत्तयाच्या २४ व्या अध्यायात खुद्द येशू सांगतो. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. कित्येकांनी त्या वर्षी शेतातले पीक तसेच उभे सोडले. हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरील उपदेशकाने २१ मे २०११ सांगितली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली, आणि तीही टळली. निरोपात तारीख नसेल तर मी तो एका जुन्या वहीत आल्याच्या तारखेसह उतरवून ठेवतो आणि वर्षभराने वही उघडतो. लसीतून श्वापदाची खूण, म्हणजे बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातली ६६६ ही खूण, टोचली जाते असे सांगणारा करोनाकाळातला एक निरोप त्या वहीत आहे. ज्यांनी तो पाठवला त्यांनीच पुढे दोन्ही मात्रा घेतल्या, हेही मी त्याखाली लिहून ठेवले आहे. ही थोडी खोडच म्हणा, पण वहीची ती दहा-बारा पाने चाळली की नव्या निरोपाचा आवाज आपोआप खाली येतो.

यानंतर मूळ ग्रंथाकडे जावे. बहुतेकांना प्रकटीकरणाची भीती असते ती त्यातली सुटी वाक्ये ऐकून. पूर्ण पुस्तक वाचलेले फार थोडे असतात. अध्याय २२ आहेत आणि मोठ्याने वाचायला साधारण दीड तास पुरतो. ते गटाने मिळून एका बैठकीत वाचावे, कारण वाचून दाखवणारा व ऐकणारे धन्य, असे ते पुस्तक आरंभीच म्हणते. ते आजच्या तुर्कस्तानात असलेल्या सात नगरांतील मंडळ्यांना लिहिले गेले. त्यांपैकी स्मुर्णा म्हणजे आजचे इझमीर. रोमच्या सत्तेखाली दबलेल्या त्या माणसांना धीर मिळावा म्हणून लिहिलेल्या मजकुरात आजच्या मोबाइल पेमेंटविषयीचे गुपित दडले आहे, असे मानले तर पहिल्या वाचकांच्या हाती काय उरले, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. ६६६ ही संख्या नीरो कैसर या नावाच्या हिब्रू अक्षरांच्या बेरजेशी जुळते, हे अनेक अभ्यासकांचे मत आहे. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ हा आकडा आढळतो आणि तो त्याच नावाच्या लॅटिन रूपाशी जुळतो. श्वापदाची खूण ज्या अध्यायात येते तेथे प्रश्न उपासनेचा आहे, आपण कोणापुढे गुडघे टेकतो याचा आहे. आणि देवाच्या दासांच्या कपाळावरचा शिक्का त्याआधीच, सातव्या अध्यायात, येऊन गेलेला असतो. आधार कार्डाने कोणी आपल्या नकळत प्रभूला नाकारत नाही. 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द तर प्रकटीकरणात एकदाही येत नाही, तो योहानाच्या पत्रांत येतो, आणि असे पुष्कळजण आधीच उठले आहेत असे तेथे पहिल्या शतकातच म्हटले आहे.

संकटकाळापूर्वी विश्वासणारे गुपचूप वर उचलले जातील, या शिकवणुकीविषयी आमच्या गटात एकमत नाही. तिची आजची मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून पसरली. कॅथलिक धर्मसभा व अनेक जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या ती मानत नाहीत. यावर वाद घालत बसू नये, एवढेच मी सुचवीन. रात्री झोप न येणाऱ्या माणसाला तो वाद काडीचाही उपयोगी पडत नाही.

त्याऐवजी थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन पत्रे उघडावीत. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल काय सांगतो ते नीट पाहावे: प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असे कोणी म्हटले, एखादे पत्र आमच्याकडूनच आल्यासारखे दाखवले, तरी एवढ्यात भांबावून जाऊ नका. म्हणजे मोठ्या माणसाच्या नावावर खपवलेला निरोप ही अडचण तेव्हाही होती. त्या मंडळीत काहींनी कामधंदा सोडला होता आणि ते नुसते लुडबुड करत फिरत होते. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलाने त्यांना स्वस्थपणे काम करून स्वतःची भाकर खावी असे बजावले. कळंगुटच्या एका हॉटेलात स्वयंपाकी असलेला आमचा एक तरुण भविष्य निर्वाह निधीतले सगळे पैसे काढून घ्यायला निघाला होता, "सर, जग संपल्यावर पीएफ कोण देणार?" असे म्हणत. त्याला मी उपदेश केला नाही. तो तिसरा अध्याय त्याला मोठ्याने वाचायला सांगितला. तो "स्वतःची भाकर" या शब्दांवर थांबला, हसला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पाळीला गेला.

भविष्यासंबंधी मोठा निर्णय घ्यायचा असेल, जसे घर, शिक्षण, लग्न किंवा मूल, तर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय सोबत ठेवावा. माझ्या मते या विषयावर बायबलमध्ये याहून उपयोगी पान नाही. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा दिला आहे, नगर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आला आहे, त्यापायी राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडले आहे, आणि तेथे त्याचा चुलतभाऊ अनाथोथचे वडिलोपार्जित शेत विकायला येतो. गिऱ्हाईक कोण मिळणार त्या शेताला? यिर्मया सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवतो, आणि दोन्ही खापराच्या भांड्यात घालून ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो, म्हणजे कागद पुष्कळ दिवस टिकतील. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवण्यासाठी ज्याने कधी कार्यालयात खेपा घातल्या असतील, त्या गोवेकराला या वर्णनातील प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल. सगळे झाल्यावर मात्र यिर्मया प्रार्थनेत देवाला विचारतो, की नगर शत्रूच्या हाती जात असताना तू मला शेत कसे विकत घ्यायला सांगितलेस? व्यवहार आधी झाला, शंका नंतर आली, आणि ती देवापुढे मांडली गेली. देवावर भरवसा ठेवायचा तर मन आधी पूर्ण शांत झाले पाहिजे अशी अट येथे कोठेही नाही. म्हणून निर्णय अडकला असेल तर मन निवळण्याची वाट न पाहता, एरवी जे शहाणपणाचे ठरले असते ते करावे आणि भीती प्रार्थनेत जशीच्या तशी सांगावी.

आता तयारीविषयी. घरात साठा करावा का, हा प्रश्न हमखास येतो, आणि गोव्यात त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पावसाळ्यापूर्वी येथे घरोघरी पुरुमेत भरतात: सुके बांगडे, सुकी सुंगटे, उकडे तांदूळ, मिरच्या, चिंच, आमसुले, नारळ. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, वारा-पाऊस असतो, म्हणून हे लागते. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चच्या फेस्ताला तर पुरुमेताचे फेस्त असेच नाव पडले आहे. हा साठा ऋतूच्या मापाचा असतो, त्यातली वाटीभर सुंगटे शेजारी जातात, आणि तो भरताना कोणी घाबरलेले नसते. तेव्हा पंधरवड्याचे धान्य, महिन्याची औषधे, विजेरी, कागदपत्रांची एक प्रत एवढे जरूर ठेवावे. शेजाऱ्याला कळू नये म्हणून जे लपवावेसे वाटते, ते मात्र पुरुमेतात मोडत नाही.

येथे कोणी म्हणेल की रानात इस्राएल लोकांनी सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडले. खरे आहे, आणि योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले तेही त्याच बायबलमध्ये आहे. धान्य कोठारात ठेवता येते, धीर ठेवता येत नाही. तो प्रभूच्या प्रार्थनेत सांगितल्याप्रमाणे आजच्या भाकरीसारखा आजचा आजच मागावा लागतो. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की मी ती एक ओळ म्हणतो. कालचा उंडो पाव आज कसा चामट होतो हे येथे लहान पोरालाही ठाऊक असते. रात्री छातीत धडधड सुरू झाली तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, ४६ वे स्तोत्र हळू आवाजात वाचावे आणि प्रत्येक ओळीनंतर एक दीर्घ श्वास घ्यावा. पृथ्वी हलली, पर्वत समुद्रात ढळले तरी, असे त्याच्या आरंभीच्या ओळींतच आहे. म्हणजे सर्वांत वाईट कल्पना त्या स्तोत्राने आपल्या आधीच करून ठेवली आहे. मुलांसमोर असले निरोप वाचू नयेत. आणि दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष नसेल, तर फादरांशी किंवा पाळकांशी बोलावे आणि डॉक्टरकडेही जावे. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर फोन करता येतो. यात श्रद्धा कमी पडल्याची खूण शोधू नये.

आपले जग कोसळते आहे असे याआधीही या भूमीतील माणसांनी अनुभवले आहे. साथींनी जुने गोवे ओस पाडले. १७५९ साली व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी सेंट ऑगस्टीनच्या सोडून दिलेल्या चर्चचे छत कोसळले. त्या मनोऱ्याचा उरलेला अर्धा भाग पाहून टेकडी उतरावे आणि थेट बॉम जेझूच्या चर्चमध्ये जावे. तेथे आजही मिस्सा होते. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जोजफ वाझ १६९७ मध्ये श्रीलंकेतील कँडीत देवीची साथ पसरली तेव्हा नगर सोडून गेले नाहीत; रानात टाकून दिलेल्या रुग्णांना ते आणि त्यांचे सहकारी खाऊपिऊ घालत होते, मृतांना पुरत होते. साथीचा अर्थ काय, हे विचारत बसण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसावा. आपल्या वाड्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसे कोण आहेत, त्यांची औषधे कोण आणते, याची यादी करावी आणि त्यातले एक नाव स्वतःकडे घ्यावे. घाबरलेल्या माणसाला हे काम मी सर्वांत आधी देतो.

मावशींच्या मेणबत्त्यांवर मी आशीर्वाद आणवला. फादरांनी तो हसून, पण मनापासून घातला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाऱ्याने माड विजेच्या तारांवर पडला आणि त्यांच्या वाड्यावर दोन रात्री दिवे नव्हते. मावशी छत्री घेऊन पाच घरी फिरल्या, प्रत्येकी एक डझन ठेवून आल्या. "पेटतात का म्हणून बघायचे होते," असे त्या गुरुवारी म्हणाल्या. सहावा डझन त्यांच्या फडताळात सुक्या बांगड्यांच्या डब्याशेजारी आहे, आणि दर मे महिन्यात तो वापरून नवा ठेवतात.