घाट चढताना सायकलवर बसावे कधी, उभे राहावे कधी

चढ दिसला की सीटवरून उठायचे, ही सवय बहुतेकांना बिनगिअरच्या सायकलने लावलेली असते, कारण तिच्यावर दुसरा इलाजच नसतो. धुळ्याजवळचा लळिंग घाट त्या सवयीवर निभून जातो; चाळीसगावहून कन्नडला जाणारा घाट किंवा तोरणमाळची चढण मात्र बसूनच काढावी लागते.

चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा, कारण चेनवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर ती अडखळते. सीटवर किंचित मागे सरकावे, हँडलवरचे हात सैल आणि कोपरे थोडी वाकलेली ठेवावीत, आणि मिनिटाला साधारण ७० ते ८० फेरे होतील अशा लयीत पॅडल मारावे. बसलेल्याचे वजन सीट पेलते. उभे राहिल्यावर तेच वजन पाय, कंबर आणि दंड यांना सावरावे लागते, म्हणून त्याच वेगाला धाप जास्त लागते. आपल्या खानदेशात चैत्र-वैशाखात सकाळी नऊलाच ऊन चटके देते, तेव्हा हा फरक फार महागात पडतो.

उभे राहावे ते एखाद्या वळणावरच्या खड्या तुकड्यासाठी, किंवा कंबर आखडली असेल तर पंधरा-वीस फेऱ्यांपुरते. त्याआधी गिअर एक-दोन टप्प्यांनी जड करावा, नाहीतर पाय रिकामाच खाली जातो. उठण्याचा क्षण साधणे सर्वांत महत्त्वाचे आहे: एक पॅडल माथ्यावरून पुढे येऊन खाली जाऊ लागले की त्याच दाबासरशी उठावे. मी एकदा पॅडल तळाशी असताना उठलो. जोर तुटला, सायकल क्षणभर मागे ओढली गेली आणि मागून येणाऱ्या सोबत्याचे पुढचे चाक माझ्या चाकाला घासले. तो पडला नाही, पण तेव्हापासून उठण्याआधी मी मागच्याला आवाज देतो.

उभे असताना कंबर सीटच्या टोकावर राहावी. सायकल थोडी डोलू द्यावी, धड मात्र सरळ ठेवावे. हँडलवर ओणवे झाल्यास मागच्या चाकावरचा भार घटतो आणि खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर ते जागीच फिरते, म्हणून अशा ठिकाणी, तसेच शेजारून ट्रक जात असताना, बसूनच राहावे. परत बसताना पॅडल थांबवू नये. बसल्यावर गिअर हलका करावा, श्वास लयीत येऊ द्यावा आणि मगच पाण्याच्या बाटलीला हात घालावा.